वायर काढलेला आरसा

या ग्रुपवरचे अनुभव मी गेलं दीड वर्ष वाचतेय. मंगळवारी आणि शुक्रवारी, मलकापूरला एका डायलिसिस सेंटरच्या बाहेरच्या बाकड्यावर चार-चार तास बसून. आणि खोटं कशाला बोलू... निम्म्या वेळा मी मनातल्या मनात हसलेय. वळणावर लिफ्ट मागणारी बाई, मागच्या सीटवर अचानक दिसलेला म्हातारा... वाचायला झकास, पण माझ्या डोक्यात पहिला प्रश्न हाच यायचा की काच पुसलेली होती का, आणि बघणाऱ्याच्या चष्म्याचा नंबर किती. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलंय. फार मोठं काही नाही, पण बारा वर्षं दहावीच्या मुलांना प्रकाशाचं परावर्तन शिकवलंय. त्यामुळे आता जे सांगणार आहे ते नेमकं माझ्याच बाबतीत, आणि तेही एका आरशाच्या बाबतीत घडावं, याचा मला आजही थोडा राग येतो.

मी सुमन. माहेर उंब्रज, सासर विट्याजवळचं एक खेडं. आमच्या भागातली पुरुषमंडळी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली असतात, गलाईवाले म्हणतात त्यांना. माझ्या नवऱ्याचंही तमिळनाडूत दुकान आहे. मी तिकडेच राहायचे, आपल्या गलाईवाल्यांच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचे. मग सासूबाईंच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, म्हणजे दोघांपैकी कुणीतरी एकानं गावी परतणं भाग होतं. मला दुकान चालवता येत नव्हतं आणि ह्यांना आईला उचलून बाथरूमला नेता आलं नसतं. म्हणून मी आले, आणि माझ्यासोबत आमची तमिळनाडू पासिंगची गाडी आली.

सासूबाईंना मी आत्ती म्हणते. आमचं घर धनगराचं. आत्तींचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलंय, अगदी पार कोकणापर्यंत. मेंढीच्या डोळ्याकडं बघून तिला काय दुखतंय ते सांगणारी बाई. वजन जेमतेम चाळीस किलो, पण आवाज असा की रानातून हाक मारली तर घरात भांडी थांबावीत.

गाडी आली त्या दिवशी आत्तींनी तिची पूजा केली. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर नारळ, हे सगळीकडे होतं. आमच्यात त्याच्यावर बिरोबाचा भंडारा, म्हणजे हळद. आत्तींनी गाडीच्या दोन्ही दिव्यांना बोटं लावली. मग गाडीसमोर उभं राहून काचेतून आत बघत म्हणाल्या, "हिचं कपाळ कुठं हाय गं?" बाहेरून बघितलं की काचेच्या मधोमध वर दिसतो तो आतल्या आरशाचा काळा मागचा भाग. त्यात मुगाएवढं एक भोकही होतं. आत्तींना ते कपाळ वाटलं. एसीच्या वाऱ्यानं उडून जाऊ नये म्हणून त्यांनी भंडारा तेलात कालवला आणि आत बसून आरशाच्या पाठीला बरोबर त्या भोकावर बोट ओढलं. मी शेजारीच उभी होते. मला काही खटकलंही नाही.

पहिल्याच फेरीला आरसा काळा पडायला लागला.

सकाळी विट्याहून निघालं की कडेगाव, मग शाळगाव, सुर्ली घाट उतरून ओगलेवाडी, कराड आणि पुढं मलकापूर. निम्मा रस्ता सांगली जिल्ह्यात, निम्मा साताऱ्यात. सकाळी ऊन पाठीमागून यायचं, दुपारी परत येतानाही पाठीमागूनच. आणि दोन्ही वेळेला आरसा निळसर काळा व्हायचा. मागची गाडी दिसायची, पण काजळी धरलेल्या कंदिलातून दिसावी तशी. घरी येऊन शेडमध्ये गाडी लावली की पुन्हा लख्ख.

आत्ती मागच्या सीटवर आडव्या व्हायच्या, त्यांना तो आरसा समोरच दिसायचा. एका शुक्रवारी सकाळी मी गाडी काढली तर त्या ओट्यावरून हलेनात.

"मी न्हाई बसायची त्यात," त्या म्हणाल्या.

"का ओ आत्ती?"

"त्यो आरसा डोळं मिटतोय. माझी सासू गेली तवा तिचा हातातला आरसा असाच काळा पडला हुता. आठ दिसांत गेली ती."

मी सांगितलं की जुन्या आरशाचा मागचा मुलामा उडतो, डाग पडतात, त्याचा मरणाशी काय संबंध? सासरे, म्हणजे आमचे मामा, म्हणाले, "आगं जा की गं, पोरगी सकाळधरनं तयार बसलीया." काही उपयोग झाला नाही. मेंढरू एकदा अडून बसलं की ओढून नेता येत नाही, हे मला त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं.

एसटीनं नेते म्हटलं, तयार झाल्या. कडेगावपर्यंत गेलो आणि उलट्या सुरू झाल्या. उतरून, सावलीत बसवून, मिळेल त्या गाडीनं माघारी आणलं. तो शुक्रवार बुडाला. डायलिसिस बुडणं म्हणजे काय हे ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको. रविवारपर्यंत पाय सुजले, आडवं पडलं की धाप लागायला लागली. रात्रभर त्या बसून राहिल्या आणि मी त्यांच्या पाठीला हात लावून. मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त चीड येत होती. एका आरशापायी हे माणूस जाणार? मी ठरवलं की मंगळवारी आत्ती याच गाडीत बसतील. कशा बसतील ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी गाडी घेऊन विट्याला युनूसभाईंच्या गॅरेजला गेले. ते गाड्यांचे वायरमन. त्यांनी आरशाकडं पाहिलं, मागं बोट फिरवलं, पिवळं झालेलं बोट मला दाखवलं आणि हसायलाच लागले.

"वैनी, ह्याचा डोळा झाकलाय की तुमी!"

मग त्यांनी सांगितलं ते मी तुम्हाला सांगते, कारण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. साध्या आरशाला खाली एक खटका असतो. रात्री मागच्या गाडीचा फोकस डोळ्यांवर आला की तो ओढायचा. आमच्या आरशाला खटका नाही, तो स्वतःच काळा होतो. त्याला दोन डोळे असतात. एक पाठीला, पुढच्या काचेकडं बघणारा. बाहेर उजेड आहे की अंधार, एवढंच तो बघतो. दुसरा पुढच्या बाजूला, मागून येणारा उजेड बघणारा. पुढं अंधार आणि मागं फोकस असं दोन्ही जुळलं की आरसा समजतो, रात्र आहे आणि मागून कुणीतरी लाईट मारतोय. मग तो करंट सोडतो. आरशात दोन काचा असतात आणि मध्ये पातळ जेल. करंट मिळाला की जेल काळवंडतं, करंट थांबला की आपोआप पुन्हा स्वच्छ होतं. आणि रिव्हर्स गिअर टाकला की, मागं कितीही फोकस असू दे, आरसा लगेच उजळतो. मागं घेताना माणसाला नीट दिसावं म्हणून.

आत्तींनी पाठीचा डोळा भंडाऱ्यानं बंद केला होता. आरशाला कायमची रात्र झाली होती. त्यात मागून ऊन आलं की त्याला वाटायचं, आला ट्रक!

मला एवढा आनंद झाला की काय सांगू. मी गॅरेजमध्ये काही केलं नाही, भंडारा तसाच ठेवला आणि थेट घरी आले. आत्तींना हाताला धरून शेडमध्ये नेलं, भर दुपारी पत्र्याचं दार लोटून अंधार केला, गाडीची चावी फिरवली आणि मागून मोबाईलचा टॉर्च मारला. आरसा कडेकडेनं काळा होत गेला. टॉर्च बंद केला, उजळला. मग स्पिरिटनं भंडारा पुसला, दार सताड उघडलं आणि परत टॉर्च मारला. आरसा लख्ख. काही झालं नाही.

"आता तुमी करा," म्हणून मी टॉर्च त्यांच्या हातात दिला.

सुजलेल्या पायांनी उभं राहून आत्तींनी तो खेळ चार-पाचदा केला. अंगठ्यानं आरशाचा डोळा झाकायचा, टॉर्च मारायचा, सोडायचा. चेहऱ्यावर पोरासारखं कुतूहल. मला वाटलं, जिंकले.

"कळलं," त्या म्हणाल्या. "म्हंजी डोळा हाय म्हणून मिटतोय. मग त्यो डोळाच काढून टाक, मी बसती."

मी बराच वेळ समजावलं. मग मला कळलं की त्या त्यांच्या परीनं मला अर्ध्या वाटेवर भेटत होत्या. संध्याकाळी युनूसभाई स्वतः घरी आले. आरशामागचा वायरचा प्लग त्यांनी आमच्या दोघींसमोर ओढून काढला, त्याचं तोंड निळ्या टेपनं गुंडाळलं आणि खाली लोंबता सोडला. आरशावर एक बारीक हिरवा दिवा होता, तोही विझला.

"आता ह्यो साधा आरसा, आज्जी," ते म्हणाले. "करंटच न्हाई तर काळा व्हायचा सवालच न्हाई. झाला तर मी धंदा बंद करतो."

मंगळवारी सकाळी आत्ती गाडीत बसल्या. मलकापूरला चार तासांनी बाहेर आल्या तेव्हा त्यांचा श्वास सरळ झाला होता आणि त्यांना चहा हवा होता. त्या दिवशी बाकड्यावर मी चक्क रडले.

यानंतर महिनाभर एकदाही काही झालं नाही. ऊन मागून, पुढून, डोक्यावरून... आरसा स्वच्छ. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण मी दर फेरीला त्याच्याकडं बघत होते.

मग तो शुक्रवार आला.

उन्हाळा. दुपारचा एक वाजून गेलेला. डायलिसिस संपलं. आत्तींच्या डाव्या हाताला फिस्टुला केलेला आहे, म्हणजे तिथली शीर ऑपरेशननं मोठी केलेली, तीत सुया टोचतात. सुया काढल्या की तिथं कापूस दाबून पट्टा बांधतात, आणि तो ठराविक वेळ सोडायचा नसतो. त्या हातात बांगड्याही घालायच्या नसतात. सिस्टरनं हे सगळं नेहमीप्रमाणे सांगितलं, आत्तींनी नेहमीप्रमाणे मान हलवली. मी त्यांना मागच्या सीटवर झोपवलं. एसीचा गारठा नको म्हणून त्यांनी पदर अंगभर ओढून घेतला.

ओगलेवाडी सुटेपर्यंत त्या बोलत होत्या. मामांनी दुपारचं जेवण नीट केलं असेल का, शेरडाला पाणी दाखवलं असेल का. सुर्लीच्या पुढं "हं" एवढंच यायला लागलं, मग तेही थांबलं. मला वाटलं, डोळा लागला. डायलिसिसनंतर थकवा येतोच.

घाट चढून वर आले. तिथं रस्ता थोडा सरळ होतो, दोन्हीकडं उजाड माळ, झाड नाही की सावली नाही. पुढं-मागं एकही गाडी नव्हती. मी सवयीनं आरशात पाहिलं.

आरसा काळा होत होता.

कडेपासून सुरुवात झाली आणि मधोमध येत गेला, तोच निळसर-हिरवट काळेपणा, शेडमध्ये टॉर्च मारल्यावर यायचा अगदी तसा. मी पहिल्यांदा दोन्ही बाजूंचे बाहेरचे आरसे पाहिले. ते स्वच्छ होते, त्यांत पांढरं ऊन आणि रिकामा रस्ता. म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आलेली नव्हती. गॉगल डोळ्यांवर नव्हता, शेजारच्या सीटवर पडला होता. आरशावरचा हिरवा दिवा बंद. आणि प्लग... निळ्या टेपचा प्लग आरशाखाली लोंबत होता, गाडीच्या हेलकाव्यानं हलत होता.

घाबरले का? नाही. खरं सांगते, मला संताप आला. मला वाटलं, युनूसभाईंनी काहीतरी अर्धवट काम केलंय आणि आता आत्तींनी डोळे उघडून हे पाहिलं तर माझी सगळी मेहनत पाण्यात. पुराव्यासाठी व्हिडिओ काढायचा आणि संध्याकाळी त्यांच्या तोंडावर मारायचा, असं ठरवून मी इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, मोबाईल उचलला. व्हिडिओ काढायच्या आधी मागच्या काचेतून कशाची तिरीप येतेय का बघावं, म्हणून मान वळवली.

मागच्या पायपुसण्यावर लाल पाणी साचलं होतं.

ते पाणी नव्हतं. सीटच्या कडेवरून थेंब पडत होते. मी दार उघडून मागं गेले, पदर ओढून काढला. गडद हिरव्या लुगड्यावर काही दिसत नव्हतं, पण ते पार भिजून जड झालं होतं. डाव्या हातात चार हिरव्या बांगड्या. त्या चढवण्यासाठी आत्तींनी पट्टा कोपरावर सरकवला होता आणि कापूस कुठंतरी पडला होता. सुईच्या जागेतून रक्ताची बारीक धार चालू होती, दर ठोक्याला.

"आत्ती! आत्ती, बघा माझ्याकडं!"

त्यांनी डोळे किलकिले केले. "झोप लय येतीया गं," म्हणाल्या.

मी अंगठा त्या जागेवर दाबला आणि सगळा जोर लावला. दुसऱ्या हातानं सेंटरला फोन. सिस्टरनं आवाज न चढवता सांगितलं, "बोटानं दाबूनच धरा ताई, सोडून बघू नका, पाय उंच करा, आणि थोडं थांबलं की माघारी आणा." मी रस्त्याच्या कडेला, दाराच्या चौकटीत गुडघे टेकून दाबत बसले. किती वेळ, माहीत नाही. एक टेम्पो आला आणि न थांबता गेला. मी आत्तींशी बोलत राहिले, चिडून, रडत, काय वाटेल ते.

"बांगड्या का घातल्या? कुणी सांगितलं हुतं?"

"तुझं मामा हायत अजून," त्या पुटपुटल्या. "त्यांच्या म्होरं मोकळा हात घिऊन जाऊ व्हय?"

दर मंगळवारी, दर शुक्रवारी, घर यायच्या आधी त्या पदराखाली बांगड्या चढवायच्या. मला कधीच कळलं नव्हतं. आजवर घरापाशी आल्यावर घालायच्या, त्या दिवशी लवकर झोप येईल असं वाटलं म्हणून आधीच घातल्या.

धार थांबली तेव्हा प्रश्न आला की दाबून धरायचं कुणी आणि गाडी चालवायची कुणी. मी त्यांचा उजवा अंगठा धरून त्या जागेवर ठेवला. "आत्ती, धार काढताय असं समजा. सोडायचं न्हाई." जन्मभर मेंढ्या-शेरडांचं दूध काढलेला अंगठा तो. त्यांनी दात खाऊन दाबला.

मी पुढं येऊन बसले. आरसा अजून काळाच होता, हे तेव्हा पुन्हा दिसलं. इतका वेळ तो काळाच होता. माझ्याकडं त्याचा विचार करायला वेळ नव्हता, मला गाडी वळवायची होती. रिव्हर्स गिअर टाकला.

आरसा उजळला. लगेच. मधोमध आत्तींचा चेहरा आणि त्यांच्यामागं पांढरा रस्ता.

"उघडला बघ," आत्ती मागून म्हणाल्या.

म्हणजे त्यांनीही पाहिलं होतं.

सेंटरला पोचलो. दोन टाके, सलाईन, रक्ताची पिशवी, रात्रभर मुक्काम. डॉक्टर म्हणाले की घरी पोचेपर्यंत थांबला असतात तर बोलण्यात अर्थ नव्हता. मी विचारलं, "नेमकं किती उशीर झाला असता?" ते म्हणाले, "ते कशाला विचारताय, आलात ना वेळेत." त्यांनी विचारलं की तुमच्या लक्षात कसं आलं. मी म्हटलं, गाडी थांबवली होती. का थांबवली ते सांगितलं नाही.

आता मी हट्टी बाई आहे. यानंतरचे दोन महिने मी काय काय केलं ते ऐका. त्याच जागी, त्याच वेळेला, एकटीच गाडी घेऊन सहा वेळा गेले. ऊन असताना, ढग असताना. मागच्या सीटवर आत्तींच्या वजनाइतकी शेंगांची पोती ठेवून. आरसा स्वच्छ. युनूसभाईंकडं गेले. त्यांनी प्लग पाहिला, त्यांची निळी टेप जशीच्या तशी, धूळ बसलेली. त्यांनी आरसाच काढून बॅटरीवर लावून बघितला. करंट दिला, काळा. काढला, लख्ख. दहा वेळा तसंच. आत काही साठून राहतंय का, जेल खराब झालंय का, सगळं बघितलं. मी विचारलं, "आणि रिव्हर्सचं?" त्यांनी तोच प्लग हातात धरून दाखवला. "रिव्हर्सचा सिग्नल ह्याच्यातनंच जातो वैनी. हे काढल्यावर आरशाला गिअर कुठला कळणार?" मग त्यांनी आरसा परत जागेवर बसवला. धंदा बंद करायची गोष्ट मी काढली नाही, त्यांनीही काढली नाही.

ह्यांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "टेन्शनमध्ये भास होतो गं." मी म्हटलं, टेन्शन आरसा काळा झाल्यानंतर आलं, आधी नाही. मग ते म्हणाले, "आई काय म्हणते?"

आत्ती काय म्हणणार. "तू भंडारा स्पिरिटनं पुसलास. हळद पुसली, देव कसा पुसशील?" मी वाद घातला नाही. पटलं म्हणून नव्हे, माझ्याकडं त्याच्याऐवजी सांगायला दुसरं काही नव्हतं म्हणून. मला हे मान्य करताना त्रास होतो. मी कारण शोधतेय, अजूनही शोधतेय. इथं कुणी ऑटो इलेक्ट्रॉनिक्समधलं असेल आणि सुटलेल्या वायरचा आरसा भर दुपारी कसा काळा होतो आणि रिव्हर्सला कसा उजळतो हे सांगू शकलं, तर मी उपकार मानेन. देव-भुताच्या कमेंट नकोत. त्या घरी मिळतात.

युनूसभाईंनी विचारलं होतं, "वायर जोडून देऊ का परत? महागाचा आरसा हाय." मी नको म्हटलं. वायर जोडली आणि पुन्हा कधी तो काळा झाला, तर कारण वायरवर जाईल आणि मला काहीच कळणार नाही. प्लग अजून तसाच लोंबतोय.

बांगड्यांचा तोडगा मामांनी काढला. "आठच्या आठ उजव्या हातात घाल की, मला काय मोजायच्या हायत?" आत्ती दोन दिवस रुसल्या, मग घातल्या.

अजूनही मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही जातो. घाट चढून माळावर आलं की मी आरशात बघते. तो कधीच काळा झालेला नाही, त्यानंतर एकदाही नाही. तरी मी इंडिकेटर देते, गाडी कडेला घेते आणि मान वळवून मागं बघते. आता आत्तींना सांगावं लागत नाही. गाडी हळू झाली की त्या झोपेतच पदर बाजूला सारतात आणि मोकळा डावा हात वर धरून मला दाखवतात.

"कोरडा हाय," म्हणतात. "चल."